रेडिओतली खरखर घालवणारा मेजर

लोलक

आर्मस्ट्राँग म्हटलं की समोरचा थेट चंद्रावर पोचतो. हा तो नव्हे. हा एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग, न्यूयॉर्कचा, आणि याने पाय ठेवले ते बहुतेक अँटेनाच्या खांबांवर. कुठलाही रेडिओ आतून उघडून बघितला तर त्यातल्या मूळ कल्पनांपैकी निम्म्याअधिक या एकाच माणसाच्या निघतात. तरी मार्कोनीसमोर याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून हा धागा.

जन्म १८ डिसेंबर १८९०. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत मोठ्या हुद्द्यावर. लहानपणी कोरिया हा आजार झाला, म्हणजे अंगाला आपोआप झटके येणं. त्यात दोन वर्षं शाळा सुटली. कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्सला राहायला गेलं. एकट्या पडलेल्या मुलाला माळ्यावरची खोली मिळाली आणि बिनतारी यंत्रांचा नाद लागला. पुढे त्याने अंगणात १२५ फुटांचा खांब स्वतः उभारला. दोरीला बांधलेल्या फळीवर बसून स्वतःच स्वतःला वर ओढून घ्यायचा आणि तारा बांधायचा. शेजाऱ्यांच्या पोटात गोळा येत असणार.

कोलंबिया विद्यापीठात मायकेल प्युपिन यांच्या हाताखाली शिकायला मिळालं. तेव्हा ली डी फॉरेस्टची ऑडिऑन ही तीन टोकांची व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणारी काचेची नळी) १९०६ सालची, पण ती चालते कशी हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. खुद्द डी फॉरेस्टची समजूत अशी की आतल्या उरलेल्या वायूमुळे ती काम करते. आर्मस्ट्राँगने मोजमापं घेतली. त्याला दिसलं की प्लेट या बाहेरच्या टोकाला येणाऱ्या प्रवाहात मूळ रेडिओ लहरीचा अंश अजून शिल्लक असतो. मग तो परत ग्रिडला, म्हणजे आत येण्याच्या टोकाला, का देऊ नये? झोका खाली येताना दर वेळी नेमका हलका धक्का द्यावा तसा. १९१२ साली त्याने हे करून पाहिलं आणि जे संदेश कानाला हेडफोन घट्ट दाबूनही ऐकू येत नसत, ते खोलीभर ऐकू यायला लागले. हे रीजनरेशन. गंमत अशी की धक्का जरा जास्त दिला की तीच नळी स्वतः लहरी सोडू लागते. म्हणजे एकाच शोधात ग्राहकही आणि प्रक्षेपकही.

वडिलांचं म्हणणं, आधी पदवी, मग पेटंट. खिशात पैसे नाहीत. शेवटी मामा-काकांच्या सल्ल्यावरून त्याने सर्किटची आकृती काढून ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीकडून शिक्का मारून घेतला. पेटंटचा अर्ज गेला त्या वर्षीच्या ऑक्टोबरात. मधले हे महिने पुढे फार महागात पडले.

१९१४ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या बेलमारच्या केंद्रात कडाक्याच्या थंडीत रात्रभर बसून त्याने हे यंत्र मार्कोनी कंपनीच्या एका तरुण अधिकाऱ्याला दाखवलं. आयर्लंडमधलं क्लिफडेन, पलीकडे होनोलुलू, सगळं ऐकू आलं. तो अधिकारी म्हणजे डेव्हिड सारनॉफ. हे नाव लक्षात ठेवा.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग पॅरिसला सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन होता, तिथून मेजर होऊन परतला आणि जन्मभर 'मेजर'च राहिला. तिथेच १९१८ साली सुपरहेटरोडाइन सुचलं. येणारी फ्रिक्वेन्सी कोणतीही असो, संचातच तयार केलेल्या दुसऱ्या लहरीत ती मिसळायची आणि एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणायची. मग सगळं अँप्लिफिकेशन त्या एकाच जागी, निवांत. स्टेशन बदललं तरी पुढचं सर्किट बदलायला नको. शंभर वर्षं उलटली, पण ही युक्ती अजून निवृत्त झालेली नाही.

वेस्टिंगहाउसने १९२० साली दोन्ही पेटंटं ३,३५,००० डॉलरना घेतली. १९२२ मध्ये सुपर-रीजनरेशन या आणखी एका सर्किटच्या बदल्यात आरसीए या रेडिओ कंपनीकडून २ लाख डॉलर आणि ६०,००० शेअर मिळाले. पुढे आणखी मिळाले आणि मेजर आरसीएचा सगळ्यात मोठा वैयक्तिक भागधारक झाला. १९२३ साली त्याने, आता आरसीएत असलेल्या सारनॉफच्याच सेक्रेटरीशी, मॅरियन मॅकइनिसशी लग्न केलं. लग्नाची भेट म्हणून तिला उचलून नेता येईल असा सुपरहेट (म्हणजे सुपरहेटरोडाइन) रेडिओ बनवून दिला. त्याच वर्षी तो आरसीएच्या नव्या टॉवरच्या टोकावर चढला, फोटो काढून घेतले आणि सारनॉफने त्याला इमारतीत यायची बंदी केली. दोस्तीतली बंदी, तेव्हा तरी.

आता मुख्य गोष्ट, एफएम. सारनॉफ म्हणायचा, खरखर काढून टाकणारी एखादी छोटीशी डबी मला करून दे. प्युपिन आणि आर्मस्ट्राँग पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून या खरखरीच्या मागे होते. वीज चमकली, शेजारी मोटार सुरू झाली, की रेडिओत कडकड. १९२२ मध्ये बेल कंपनीच्या जॉन कार्सनने गणित मांडून दाखवलं होतं की फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनचा, म्हणजे एफएमचा, काहीही फायदा नाही. मेजरने उलट वाट धरली. चॅनेल (एका केंद्राला लागणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) अरुंद करण्याऐवजी तो रुंद केला, इतका की जुन्या एएम पद्धतीवाल्यांना उधळपट्टी वाटावी. २६ डिसेंबर १९३३ रोजी पेटंटं मिळाली. डबी मागितली होती, मिळाली नवीन रेडिओ व्यवस्था. त्यात जुने संच, जुनी केंद्रं, सगळं मोडीत. सारनॉफच्या अडचणीची कल्पना करा.

१९३४ च्या उन्हाळ्यात एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ८५व्या मजल्यावरून चाचण्या झाल्या. लाँग आयलंडवर सुमारे ७० मैलांवर ग्राहक होता. आवाज स्वच्छ. पुढच्या वर्षी आरसीएने सांगितलं, यंत्रं काढा, टेलिव्हिजनला जागा हवी.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. याची शोकांतिका 'कंपनीने बिचाऱ्या शास्त्रज्ञाला चिरडलं' इतकी सरळ नाही. हा माणूस बिचारा नव्हता, गरीब नव्हता, आणि तडजोडीची संधी त्याला एकदा नव्हे, अनेकदा आली होती. बाकी चर्चेत.

पारिजातक

वाचनखूण साठवली आहे. एक शंका: रुंद चॅनेल घेतला तर खरखर उलट जास्त आत यायला हवी ना? खिडकी मोठी केली तर धूळ जास्त येणार.

ओहम

पारिजातक, शंका अगदी रास्त आहे आणि १९३० सालच्या बहुतेक इंजिनिअरांनी हेच म्हटलं असतं.

एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत लपवलेला असतो. वीज, मोटारीच्या ठिणग्या, यांचा उपद्रवही मुख्यतः उंचीतच दिसतो. दोन्ही एकाच जागी मिसळले की वेगळे काढता येत नाहीत. एफएममध्ये उंची कायम, फ्रिक्वेन्सी मात्र मध्यापासून इकडेतिकडे हलते. मग ग्राहकात लिमिटर घालायचा: उंचीतले सगळे चढउतार वरून सरळ छाटून टाकायचे. आपला आवाज उंचीत नाहीच, त्यामुळे छाटलं तरी नुकसान शून्य.

पण एवढ्याने भागत नाही, कारण गोंगाट फ्रिक्वेन्सीलाही थोडा हलवतो. ही हालचाल छोटी असते. आपल्या आवाजाने होणारी हालचाल त्याच्या कितीतरी पट मोठी ठेवली की गोंगाट त्यापुढे किरकोळ ठरतो. म्हणून ±७५ किलोहर्ट्झ, म्हणून २०० किलोहर्ट्झचा चॅनेल. एएमचा चॅनेल अमेरिकेत १० किलोहर्ट्झचा. रुंदीची किंमत मोजून शांतता विकत घ्यायची, असा हा सौदा. अर्थात सिग्नल गोंगाटापेक्षा पुरेसा वरचढ हवा. त्याखाली गेला की एफएम एकदम कोसळतं, एएमसारखं रडतखडत चालत नाही.

आणखी एक: त्याच फ्रिक्वेन्सीवर दोन केंद्रं आली तर जोरकस केंद्र दुसऱ्याला पार गिळून टाकतं. एएममध्ये दोघांची शिट्टीसकट खिचडी होते.

लोलक, कार्सनवर थोडा अन्याय झाला. त्याचं गणित बरोबरच होतं. त्या काळी लोकांना एफएम हवं होतं ते चॅनेल आणखी अरुंद करायला, आणि अरुंद एफएमचा फायदा नाही हे त्याने सिद्ध केलं. रुंद करून बघू, हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता.

सीक्यू सीक्यू

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या वतीने एक भर. डिसेंबर १९२१. हौशी लोकांच्या लघुलहरी अटलांटिक ओलांडतात का, ही पैज. अमेरिकन बाजूला कनेक्टिकटमधल्या ग्रीनिचला '१ बीसीजी' हे केंद्र उभारलं, ते उभारणाऱ्या टोळक्यात आर्मस्ट्राँग होता. पलीकडे स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनला समुद्रकिनारी पावसात तंबू ठोकून पॉल गॉडली सुपरहेट घेऊन बसला. आणि ऐकू आलं! सरकारी आणि कंपन्यांच्या केंद्रांना तोवर शेकडो किलोवॉट आणि मैलभर अँटेना लागायच्या. इथे साधारण एक किलोवॉट.

या माणसाचा पिंड हौशी रेडिओवाल्याचाच होता. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कला इंजिनिअरांसमोर एफएमचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं, तेव्हा पलीकडचं प्रक्षेपण केंद्र कुणाचं? याँकर्सच्या कार्मन रन्यन या दोस्ताचं, त्याच्या घरातलं हौशी केंद्र. अडीच मीटर तरंगलांबी. ग्राहक आधी नुसता खरखरत होता, सिग्नल पकडला आणि सभागृहात इतकी शांतता झाली की यंत्र बंद पडलं असं वाटावं. मग रन्यनचा आवाज. मग पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज, कागद चुरगाळल्याचा आवाज. एएमवर पाणी आणि कागद ऐकून ओळखता येत नसत, सगळं सारखंच खसखसायचं.

खटका

लेख छान, पण सूर एकतर्फी वाटला. 'डी फॉरेस्टला काही कळत नव्हतं' हे आर्मस्ट्राँगच्या गोटातलं वाक्य आहे. रीजनरेशन दोघांपैकी कुणाचं, हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला, १९२८ आणि १९३४. दोन्ही वेळा डी फॉरेस्ट जिंकला. कार्डोझोसारख्या न्यायमूर्तीने निकाल लिहिला आहे. मग आपण कोण?

शिवाय सुपरहेटसुद्धा एकट्याचं नाही. फ्रान्सच्या ल्युसिएन लेव्हीचं पेटंट आधीचं होतं आणि अमेरिकेत पुढे बहुतेक हक्क त्याच्याच बाजूला गेले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा माणूस टॉवरइतक्याच उत्साहाने ती चढत राहिला.

लोलक

खटकाराव, लेव्हीचा मुद्दा मान्य. तो लेखात यायला हवा होता हे खरं, पण लेव्हीचा हेतू गुप्त संदेशांचा होता. ग्राहक म्हणून ते सर्किट पूर्ण चालवून दाखवलं मेजरनेच.

डी फॉरेस्टचं मात्र बघा. त्याचा पुरावा म्हणजे ऑगस्ट १९१२ मधली प्रयोगवहीतली नोंद. पालो आल्टोत टेलिफोनचे अँप्लिफायर तपासताना सर्किट किंचाळायला लागलं, अशी ती नोंद. किंचाळणं त्याला नकोच होतं, ते बंद कसं करायचं ही चिंता होती. त्याने पेटंटचा अर्ज केला तो आर्मस्ट्राँगच्या नंतर बऱ्याच उशिरा. न्यायालयाने तारीख बघितली. शिट्टी ऐकू येणं आणि ती का येते हे कळून रेडिओ ऐकायला तिचा उपयोग करणं, यातला फरक इंजिनिअरांना दिसत होता, न्यायालयाला दिसला नाही. कायद्याने निकाल लागला, हे कबूल. शोध कुणाचा, याचा निकाल माझ्या मते व्यवसायबंधूंनी दिला.

कसा, तेही सांगतो. इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सचं पहिलं मानाचं पदक आर्मस्ट्राँगला रीजनरेशनसाठीच मिळालं होतं. १९३४ च्या निकालानंतर तो फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात ते परत करायला गेला. अध्यक्षांनी त्याला बोलायच्या आधीच सांगितलं की मंडळ पदक परत घेणार नाही, उलट त्याचा पुनरुच्चार करतं. सगळं सभागृह उभं राहिलं. त्या सभागृहात आरसीए, बेल अशा कंपन्यांचे पगारदार लोक भरलेले होते, ज्यांच्या मालकांना निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने सोयीचा होता. मला हे दृश्य न्यायमूर्तींच्या निकालपत्रापेक्षा जास्त पटतं.

खटका

ते भावनेच्या भरात झालं. पण ठीक आहे, वहीतल्या नोंदीबद्दल एक पाऊल मागे.

निशाचर

१९४५ बद्दल कुणीच लिहिलं नाही? सगळा खेळ तिथे आहे.

एफएमला अमेरिकेच्या एफसीसीने (रेडिओ लहरी वाटून देणाऱ्या सरकारी आयोगाने) ४२ ते ५० मेगाहर्ट्झ हा पट्टा दिला होता, व्यावसायिक प्रसारण १ जानेवारी १९४१ पासून. मेजरने स्वतःच्या खिशातून ३ लाखांहून जास्त डॉलर घालून न्यू जर्सीत अल्पाइनच्या कड्यावर ४०० फुटांहून उंच, तीन आडव्या हातांचा टॉवर उभारला होता. न्यू इंग्लंडमध्ये यांकी नेटवर्क या रेडिओ साखळीची केंद्रं डोंगरमाथ्यांवर चालू झाली होती. लोकांनी लाखोंनी संच घेतले. आणि जून १९४५ मध्ये हुकूम निघाला: एफएमने ८८ मेगाहर्ट्झच्या वर जावं. एका फटक्यात सगळे संच, सगळे प्रक्षेपक भंगारात. कारण दिलं गेलं की खालच्या पट्ट्यात सूर्यावरच्या डागांमुळे लांबच्या केंद्रांचा अडथळा होईल.

तरीही मी एफसीसीला अगदीच खलनायक म्हणणार नाही. जुन्या पट्ट्यात ४० चॅनेल बसायचे, नव्या २० मेगाहर्ट्झमध्ये १०० बसतात. आणि ५० मेगाहर्ट्झच्या आसपास उन्हाळ्यात हजार-दीड हजार मैलांवरची केंद्रं अचानक घुसतात, हे खोटं नाही. सीक्यू सीक्यू यांना विचारा, त्यांची तर ती पर्वणी असते.

सीक्यू सीक्यू

पर्वणी आहेच. :)

ओहम

निशाचर, अडथळ्याचं कारण मान्य करू. मग त्याच पट्ट्यातला ४४ ते ५० मेगाहर्ट्झचा तुकडा टेलिव्हिजनच्या चॅनेल १ ला कसा दिला? टीव्हीचं चित्र एएमवर जातं, त्याला अडथळा एफएमपेक्षा कितीतरी जास्त बाधतो. जो पट्टा एफएमला धोक्याचा, तो टीव्हीला चालतो? पुढे १९४८ मध्ये तो चॅनेलही काढावाच लागला.

१०० चॅनेलचा मुद्दा मात्र बिनतोड. आज कुणी ४२-५० परत मागणार नाही.

आणि टीव्हीचा विषय निघालाच आहे तर: त्याच टीव्हीच्या आवाजासाठी १९४१ च्या अमेरिकन मानकाने एफएमच निवडलं होतं. म्हणजे आरसीएच्या प्रत्येक टीव्ही संचात मेजरचं तंत्र, आणि रॉयल्टी नाही. झेनिथ, जनरल इलेक्ट्रिकसारख्यांनी परवाने घेतले होते. आरसीएने १९४० मध्ये एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले, टक्केवारी नाही. मेजर म्हणाला, बाकीचे टक्केवारी देतात, तुम्हाला वेगळा न्याय का?

खटका

इथेच घ्यायला हवे होते. १९४० चे १० लाख!

लोलक

घेतले असते तर परवाना घेतलेल्या बाकीच्यांशी बेइमानी झाली असती, असं त्याचं म्हणणं होतं. तत्त्व म्हणून बरोबर. व्यवहार म्हणून तुमच्याशी सहमत. हाच माणूस महायुद्धात मात्र सैन्याला आपली एफएमची पेटंटं फुकट वापरू देतो, कोलंबियात वर्षाला एक डॉलर पगारावर प्राध्यापकी करतो. पैशाचा हव्यास नव्हता. 'हे माझं आहे' एवढं समोरच्याने तोंडाने म्हणावं, हा हट्ट होता. डी फॉरेस्टच्या खटल्याने त्याला तो लावला असं मला वाटतं.

जुलै १९४८ मध्ये त्याने आरसीए आणि तिच्या एनबीसी या प्रसारण कंपनीवर दावा लावला. समोरच्या वकिलांनी साक्षी-तपासणीत त्याला महिनोन् महिने बसवून ठेवलं. त्यांना घाई नव्हती, मूळ पेटंटं १९५० च्या शेवटी संपणारच होती. १९५३ च्या साक्षीत सारनॉफने सांगितलं की एफएमच्या विकासासाठी आरसीए आणि एनबीसीने जितकं केलं तितकं कुणीच केलं नाही. हे मेजरसमोर. बेलमारच्या त्या रात्रीच्या साथीदाराने.

अबोली

सगळे सारनॉफ आणि डी फॉरेस्टवर बोलत आहेत. मॅरियनबद्दल चार ओळी लिहिते, कारण शेवटचा डाव तिने जिंकला.

१९५३ च्या नोव्हेंबरपर्यंत खटल्याने पैसा आणि माणूस दोन्ही संपत आले होते. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी पैशांवरून भांडण झालं. मेजरने रागाच्या भरात तिच्या हातावर शेगडीची सळई मारली. ती कनेक्टिकटला बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने न्यूयॉर्कमधल्या तेराव्या मजल्यावरच्या घरात आत्महत्या केली. तिच्या नावे माफीची चिठ्ठी होती. हौतात्म्य वगैरे म्हणून याला कुणी मुलामा देऊ नये. तो थकलेला, एकटा पडलेला आणि आजारी मनाचा माणूस होता, आणि तिला त्याने दुखवलं होतं.

त्यानंतर ही बाई रडत बसली नाही. आरसीएशी त्याच वर्षाच्या अखेरीस साधारण १० लाख डॉलरवर तडजोड केली, म्हणजे १९४० मध्ये नाकारलेल्या रकमेच्या जवळपास. मग उरलेल्या कंपन्यांना एकेक करून कोर्टात खेचलं. शेवटची मोटोरोला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटोरोलाचं अपील ऐकायला नकार दिला आणि मॅरियन सगळे खटले जिंकली. नवऱ्याला जे जमलं नाही ते तिला जमलं, कारण तिने कुठे तडजोड करायची आणि कुठे नाही हे ओळखलं. आणि ती मुळात सारनॉफच्या ऑफिसात काम केलेली होती, समोरची माणसं विचार कसा करतात हे तिला ठाऊक असणार.

निशाचर

+१. अबोलीताईंचा प्रतिसाद मूळ लेखात जोडा.

पारिजातक

सगळा धागा वाचला. ओहम, लिमिटर आता समजला. अल्पाइनचा तो टॉवर अजून आहे का?

ओहम

आहे, तीन हातांसकट. ११ सप्टेंबर २००१ नंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरवरच्या अँटेना गेल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही केंद्रांनी तात्पुरतं प्रक्षेपण तिथून केलं होतं.

सीक्यू सीक्यू

लोलक, सुपर-रीजनरेशन एका ओळीत उरकलंत. एका व्हॉल्व्हमध्ये, नंतर एका ट्रान्झिस्टरमध्ये, एवढी संवेदनशीलता दुसऱ्या कुठल्याच सर्किटने दिली नाही. दारं उघडणारे रिमोट, खेळण्यातल्या मोटारी, वॉकीटॉकी, वर्षानुवर्षं त्यावरच चालल्या. वेगळा धागा काढा.

लोलक

काढतो. त्यात क्वेंच फ्रिक्वेन्सी (सर्किटची किंचाळी सेकंदाला किती वेळा थोपवायची ती) किती ठेवायची आणि असा ग्राहक शेजाऱ्यांच्या रेडिओत का घुसतो, हे तुम्ही लिहायचं. ओहम, लिमिटरची आकृती इथेच डकवा, पारिजातक यांना हवी आहे.